दिवाळीआधी टाइल्सच्या फटी: घरातल्याच सामानाने केलेल्या कामाच्या नोंदी

२८ सप्टेंबर २०२५, रविवार

घट बसायच्या आधी सगळं घर आवरून झालं, डबे घासले, पडदे धुतले, माळा झाला, राहिल्या त्या फक्त टाइल्सच्या फटी, त्यांना हात लावायला कोणी तयारच नव्हतं. आता दिवाळीपर्यंत वेळ आहे म्हणून शनिवार-रविवार थोडं थोडं करत न्यायचं ठरवलंय आणि काय लावलं, त्याचं काय झालं ते इथे लिहीत जाईन. अट एकच, बाटलीतलं ॲसिड घरात आणायचं नाही. मागे एकदा डीप क्लीनिंगवाले बोलावले होते, त्यांनी बाथरूम अर्ध्या तासात चकाचक करून दिलं, पैसे घेऊन गेले, आणि पुढच्या पावसाळ्यात कमोडच्या मागचं ग्राउट (टाइल्सच्या फटीत भरतात तो मसाला) रव्यासारखं सुटायला लागलं.

आज काहीच घासलं नाही, फक्त मोबाइलचा टॉर्च लावून फिरले. ओट्यामागच्या भिंतीला बारा बाय अठराच्या क्रीम टाइल्स आहेत, त्यांच्या फटीत नुसतं व्हाइट सिमेंट भरलंय, पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक ठिकाणी असंच असतं. बाथरूमच्या जमिनीला खरखरीत अँटिस्किड टाइल्स आणि राखाडी ग्राउट. बाल्कनीलाही तेच राखाडी.

आमच्याकडे सगळ्यालाच "फटी काळ्या झाल्यात" म्हणतात, पण टॉर्च मारल्यावर कळलं की हे काळं एक नाहीये. शेगडीच्या मागे पिवळट-तपकिरी चिकट थर आहे, नखाने खरवडला तर नखात मेणासारखा अडकतो. मिसळणाच्या डब्याजवळ हळदीचे पिवळेजर्द ठिपके. बाथरूमच्या कोपऱ्यात खरी काळी बुरशी, ठिपक्या-ठिपक्यांची. साबणदाणीखाली गुलाबी बुळबुळीत रेघ. आणि नळाखाली पांढरा खडबडीत थर, तो बोअरच्या पाण्याचा, उन्हाळ्यात सोसायटीत टँकर नाहीतर बोअर, दुसरं काय असतं. म्हणजे डाग पाच प्रकारचे आणि सगळ्यांना एकच औषध लावायचं, हे काही पटेना.

४ ऑक्टोबर, शनिवार

दसरा झाला. आज घासायच्या आधी एक छोटी परीक्षा.

बाल्कनीच्या कोपऱ्यात, वॉशिंग मशीनच्या मागे, जिथे कोणी बघत नाही तिथल्या एका फटीवर ड्रॉपरने व्हिनेगरचे थेंब टाकले. कान जवळ नेला तर अगदी बारीक चरचर ऐकू येते, आणि भिंगातून बघितलं तर बुडबुड्यांची साखळी वर येताना दिसते. दहा मिनिटांनी पुसून बोट फिरवलं, बोटाला बारीक वाळू लागली. तोच थेंब शेजारच्या टाइलवर टाकला तर काहीही नाही, पाण्यासारखा बसून राहिला. लिंबाचा रसही तसाच, उलट चरचर जरा जास्तच.

कारण सोपं आहे. ग्राउट म्हणजे सिमेंट, बारीक वाळू आणि रंग. सिमेंट चुन्याच्या जातीचं, आणि चुन्याला आंबट चालत नाही. व्हिनेगरमध्ये ४-५ टक्के ॲसेटिक ॲसिड असतं, लिंबात सायट्रिक, चिंचेत टार्टारिक, नावं वेगळी पण चुन्याशी सगळ्यांचं भांडण एकच, चुना विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सुटतो. फटीवरचा मळ जातो तो ग्राउटचा वरचा पापुद्रा निघाल्यामुळे, म्हणून पहिल्यांदा एकदम गोरं दिसतं आणि लोक खूष होतात. पण आता वरचा भाग आणखी सच्छिद्र झालेला असतो, पुढच्या वेळी मळ आणखी लवकर बसतो.

जमीन दगडाची असेल तर आणखी जपायला हवं. कडप्पा, शहाबाद, कोटा, हे सगळे चुनखडीचेच दगड, आंध्रातून, कर्नाटकातून, राजस्थानातून येणारे, आणि संगमरवरही त्याच कुळातला. कडप्प्याच्या फळीवर लिंबाची फोड रात्रभर राहिली तर सकाळी जो पांढुरका डाग दिसतो तो डाग नसतोच मुळी, दगडच तेवढा खाल्ला गेलेला असतो. ग्रॅनाइटला तेवढा त्रास होत नाही.

तर फटीवर आंबट काही नाही, हे ठरलं. "नैसर्गिक आहे, काही होत नाही" या वाक्याचा मला आधीपासूनच राग आहे. लिंबू झाडावरच येतं आणि सिमेंटही खातं.

५ ऑक्टोबर, रविवार

स्वयंपाकघर. सगळ्यात आधी शेगडीमागचा चिकट थर. हे साधं तेल नाही, वर्षानुवर्षं फोडणीची वाफ बसून, तापून तापून घट्ट झालेलं तेल आहे, त्याला नुसता भांड्याचा साबण लागूच पडत नाही. त्याला लागतो क्षार (आंबटाच्या उलट गुणाचा, सोड्यासारखा पदार्थ) आणि ऊब.

आधी खायचा सोडा घेतला, तीन चमचे सोड्याला एक चमचा पाणी, म्हणजे दात घासायच्या पेस्टइतकं दाट होतं. भिंतीवर थापलं तर खाली गळून ओट्यावर. मग टिश्यूच्या पट्ट्या फाडून त्या गरम पाण्यात भिजवून पेस्टवर चिकटवल्या, त्याने पेस्ट जागेवर राहिली आणि सुकलीही नाही. वीस मिनिटांनी जुन्या टूथब्रशने घासलं. वरवरचं गेलं, पण खोलवरचं तसंच.

मग धुण्याचा सोडा. किराणावाल्याकडे मागितला तर त्याने आधी खायचाच पुढे केला, नीट सांगावं लागतं. दोन्ही सोडे दिसायला सारखे पण खायच्या सोड्याचा पीएच साधारण ८ च्या आसपास, धुण्याच्या सोड्याचा ११ च्या घरात, त्यामुळे याला हातमोजे पाहिजेत म्हणजे पाहिजेतच, आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यात कालवायचा नाही, भांडं काळं पडतं. एक मोठा चमचा सोडा, अर्धा लिटर कडकडीत पाणी, त्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन-चार थेंब. फडका त्यात बुडवून फटीवर दाबून धरायचा, थंड झाला की परत बुडवायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळेला थर मऊ होऊन ब्रशला चॉकलेटी फेस यायला लागला आणि मग फार जोर न लावता निघत गेला. सिमेंट स्वतःच क्षाराच्या बाजूचं असल्यामुळे सोड्याने त्याला काही होत नाही.

गंमत झाली हळदीच्या ठिपक्यांची. त्यांच्यावर सोड्याचं पाणी लागलं मात्र, पिवळे ठिपके बघता बघता लालभडक झाले. आई (सासूबाई) मागे उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "अगं कुंकू केलंस की!" आणि खरंच तेच आहे, हळदीत चुना घालून कुंकू करतात तेव्हा हेच होतं, हळदीतलं कर्क्युमिन क्षारात लाल पडतं. साध्या पाण्याने दोन-तीनदा धुतल्यावर परत पिवळं. म्हणजे सोड्याने हळद जात नाही, नुसती रंग बदलून दाखवते. खिडकीच्या बाजूचे ठिपके मात्र मुळातच फिके आहेत, उन्हाने हळद उडते, पिवळा झालेला रुमाल दोरीवर दोन दिवस राहिला की पांढरा होतो तसंच. आतल्या कोपऱ्यात ऊन कुठून आणणार. ते बुरशीच्या औषधाबरोबर बघू.

शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने तीनदा पुसलं, नाहीतर सोडा सुकून पांढरी झाक राहते.

७ ऑक्टोबर, मंगळवार

काल कोजागिरीला गच्चीवर दूध पिताना विषय निघाला, समोरच्या काकूंचं म्हणणं की सोडा टाकायचा आणि वरून व्हिनेगर ओतायचं, "बघ कसं उसळतं, सगळी घाण वर येते." मोबाइलवर व्हिडिओ पण दाखवला. काकूंशी वाद कोण घालणार, पण इथे लिहून ठेवते. सोडा क्षार, व्हिनेगर आम्ल, दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते पाणी आणि थोडं सोडियम ॲसिटेट नावाचं मीठ, जे धड तेल काढत नाही धड बुरशी. बुडबुड्यांनी एखादा सैल कण हलत असेल, पण त्यासाठी ब्रश आहे की. आणि ओतताना व्हिनेगर जास्त झालं तर उरलेलं परत फटच खाणार. उसळताना बघायला छान वाटतं, एवढंच.

आईंनी दुसरं सुचवलं, राख आणि नारळाची शेंडी. त्यांच्या माहेरी, साताऱ्याकडे, मोरीची फरशी राखेनेच घासायचे. राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, म्हणजे तोही क्षारच, तर्क बरोबर आहे. होळीची चाळून ठेवलेली राख होती त्यांच्याकडे, ती बाल्कनीच्या राखाडी फटींवर शेंडीने घासली, फारच छान निघाल्या. व्हाइट सिमेंटवर मात्र करू नका, कोळशाचे बारीक कण आत बसतात. शेंडी एकदम आवडली, प्लास्टिकच्या घासणीपेक्षा तिचे तंतू फटीत नीट शिरतात. तारेची घासणी अजिबात नको, तिचे तुकडे अडकतात आणि गंजून तांबडे डाग पडतात, मग ते काढत बसा.

रिठ्याचंही करून बघितलं, रात्रभर भिजवून. फेस भरपूर, रोजच्या पुसण्याला ठीक, जुन्या थराला काही नाही. शिवाय पाणी तपकिरी.

११ ऑक्टोबर, शनिवार

बाथरूमची बुरशी. मावशी सकाळी म्हणाल्याच, "ताई, ॲसिडची बाटली आणा ना, पाच मिन्टात होतंय." होतं पाच मिनिटांत हे खरंच, मी नाकारत नाही. त्यांना कमोडमागची फट दाखवली, त्यांनी बोट घातलं, वाळू हातात आली, मग म्हणाल्या, "आगं बया, ह्ये तर उंदरानं खाल्ल्यागत झालंय."

त्यांना एक गोष्ट मात्र बजावून सांगितली आणि इथेही सांगते. कमोडला टाकायचं लिक्विड बहुतेक वेळा हायड्रोक्लोरिक ॲसिडचं असतं, त्याच्यावर ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीचचं पाणी पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये ते जिवावर बेतू शकतं. व्हिनेगर, लिंबू यांच्याबरोबरसुद्धा ब्लीच नाही. "दोन्ही टाकले की जास्त स्वच्छ" हा हिशोब इथे चालत नाही.

बुरशीवर सोडा करून बघितला, वरची काजळी गेली, खालचा डाग राहिला. कारण बुरशीचे धागे फटीच्या आत उतरलेले असतात आणि काळा रंग त्यांच्या अंगातच असतो. म्हणून केमिस्टकडून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, जखमेवर लावायला मिळतं ते. आपल्याकडे बहुतेक ६ टक्क्यांचं मिळतं, बाटलीवर २० व्हॉल्यूम लिहिलेलं असतं. त्यात तेवढंच पाणी घातलं की ३ टक्के. स्वयंपाकघरातलं नाही, कबूल, पण काम झाल्यावर त्याचं पाणी आणि ऑक्सिजनच होतं म्हणून मी ते चालवून घेतलं. हातमोजे घाला, नाहीतर बोटांची टोकं पांढरीफटक पडून चुरचुरतात. आणि हे व्हिनेगरमध्ये मिसळायचं नाही, त्याचं पेरॲसेटिक ॲसिड होतं, डोळ्यांना आणि घशाला वाईट. उरलेलं त्याच गडद बाटलीत ठेवायचं, उजेडाने त्याचा दम जातो, आणि पातळ केलेलं घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवायचं नाही.

आता प्रश्न असा की फटीवर ओतलं तर ते उतारावरून वाहत जाळीत जातं. दिवाळीसाठी समईच्या लांब वातींचं पुडकं आणून ठेवलं होतं, त्यातल्या वाती घेतल्या, पेरॉक्साइडमध्ये भिजवल्या आणि फटीच्या रेषेवर एकापुढे एक अंथरल्या, दोन मिलिमीटरच्या फटीला वात अशी बसते की मापाची केल्यासारखी. वात टेकली की फट पांढऱ्या बारीक फेसाने चुरचुरायला लागते, जिथे बुरशी जास्त तिथे फेस जास्त, त्यामुळे नकाशाच काढल्यासारखं दिसतं. वरून प्लास्टिकची पिशवी फाडून झाकली, खिडकी उघडी, एक्झॉस्ट चालू, तासभर कोणी बाथरूममध्ये जायचं नाही (नवरा गेलाच). मग वाती उचलल्या, खायच्या सोड्याची पेस्ट लावून ब्रशने हलकं घासलं, धुतलं.

काळं जाऊन राखाडी दिसायला लागलं. शॉवरखालच्या कोपऱ्यात अजून सावली आहे, तिथे उद्या परत. आईंनी वातींचं पुडकं अर्धं झालेलं बघितलं आणि काही बोलल्या नाहीत, पण बघितलं मात्र.

१२ ऑक्टोबर, रविवार

शॉवरचा कोपरा दुसऱ्यांदा केला, गेला. मात्र भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे ग्राउट नसून सिलिकॉनची पट्टी आहे, तिच्यातलं काळं काही केल्या जाईना. ते पट्टीच्या आत आणि मागे आहे, वरून लावून उपयोग नाही, पट्टीच कापून नवी भरावी लागणार. यादीत टाकलं.

साबणाखालची गुलाबी रेघ ही बुरशी नसतेच, तो सेराशिया मार्सेसेन्स नावाचा जंतू बऱ्याचदा असतो, साबणाच्या आणि शॅम्पूच्या ओशट थरावर जगतो. सोड्याच्या गरम पाण्याने घासून वर पेरॉक्साइडचा फवारा, लगेच गेली. परत येणार हे नक्की, दर आठवड्याला तिथला साबणाचा थर धुतला तर कमी येईल.

स्वयंपाकघरातल्या हळदीच्या ठिपक्यांवर पेरॉक्साइडमध्ये कापूस भिजवून लावला, अर्ध्या तासाने बदलला. बरेच फिके झाले. दोन हट्टी आहेत, त्यांच्यापुढे आता मिसळणाचा डबा ठेवलाय.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

उद्या वसुबारस. ऑफिसातून येऊन फक्त नळाखालचा पांढरा थर घेतला.

इथे अडचण अशी की हा थर म्हणजे पाण्यातला चुनाच, त्याला आंबटच लागतं, आणि तेच आंबट शेजारच्या फटीला नको. टाइल लावणाऱ्या मिस्त्रींना फोन केला होता, ते म्हणाले, "मॅडम, आधी फटीला पोटभर पाणी पाजा, मग टाइल पुसा." म्हणजे फट आधीच पाण्याने भरलेली असली की आंबट पाणी आत शोषलं जात नाही. तसंच केलं, आधी मगभर पाणी, मग लिंबूसत्त्व कोमट पाण्यात विरघळवून (एका कपाला एक चमचा) फडका त्यात पिळून घेतला आणि फक्त टाइलवर, फटीपासून बोटभर लांब, चोळला. थर खरवडायची गरज पडली नाही, मिनिटभरात मऊ झाला. लगेच भरपूर पाणी आणि शेवटी चमचाभर खायचा सोडा घातलेलं पाणी ओतलं, म्हणजे आम्ल उरलं असेल तर तिथेच संपलं. आता सोडा आणि आंबट एकत्र आले खरे, पण इथे एकमेकांना मारणं हेच काम आहे.

फटीला चिकटून असलेला थर ठेवूनच दिला. लाकडी आइस्क्रीमच्या काडीने जेवढा निघाला तेवढा.

१९ ऑक्टोबर, रविवार

फराळाची धावपळ, चकल्या तळून झाल्यावर लगेच, भिंत गरम असतानाच, शेगडीमागे साबणाचा ओला फडका फिरवला. ताजं तेल एका हातात निघतं. तेच जर पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिलं तर परत फडके दाबत बसा. तळणाच्या दिवशी सगळ्यात महत्त्वाचं काम हे, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

१ नोव्हेंबर, शनिवार

कमोडमागच्या पोकळ फटी. यांना साफ करण्यासारखं काही उरलेलंच नाही, भरायच्याच होत्या. सैल झालेलं सगळं जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने कोरून काढलं, साधारण दोन-तीन मिलिमीटर खोल, पावडर ब्रशने झटकली, फट ओली करून वरचं पाणी टिपून घेतलं. तयार ग्राउटचं एक किलोचं पाकीट राखाडी रंगाचं मिळालं. पाणी कमी घालायचं, घट्ट कणकेइतकंच सैल, जास्त पाणी घातलं की सुकताना तडे जातात आणि रंगही पट्ट्यापट्ट्यांचा येतो. रबराच्या तुकड्याने तिरकं दाबून भरलं, पंधरा-वीस मिनिटांनी ओल्या स्पंजने टाइल पुसली. मिस्त्रींच्या मते एक दिवस पाय नको, तीन दिवस साबण-पाणी नको, त्यामुळे सगळे मागच्या बाथरूममध्ये रांगेत.

कोणी म्हणतं भरलेल्या फटीवर जवसाचं तेल नाहीतर मेणबत्ती घासा म्हणजे डाग बसत नाहीत. जवसाचं तेल पिवळं पडतं, पांढऱ्या फटीवर तर नकोच. मेणबत्ती मी ओट्यामागच्या एका रेषेवर घासून ठेवलीय, पाणी थेंब होऊन उभं राहतंय, पण ती जागा शेगडीपासून लांबची आहे, गरम भिंतीवर मेण वितळून धूळच धरेल. आत शोषला जाणारा सीलर दुकानात मिळतो, तो घरातल्या सामानात बसत नाही. बाथरूमला बहुतेक तोच लावणार, फटी पूर्ण सुकल्यावर.

९ नोव्हेंबर, रविवार

बुरशीचा कोपरा अजून राखाडीच आहे. सोड्याने आणि पेरॉक्साइडने जितकं झालं असेल तितकंच या गोष्टीने पण झालं असावं की मावशी आता आंघोळी झाल्यावर वायपरने पाणी ओढून काढतात आणि दार उघडं ठेवतात. पाणी नाही तर बुरशी कशावर वाढणार. वायपर दाराच्या मागे नेहमी हाताशी राहील असा खिळ्याला टांगलाय, कारण आत ठेवला तर कोणी वापरत नाही, हे घरोघरी सारखंच असावं.

शेगडीमागे दर रविवारी साबणाचा फडका चाललाय. महिन्यातून एकदा धुण्याच्या सोड्याचं पाणी, पेरॉक्साइड फक्त काळं दिसलं तरच.

नव्या भरलेल्या फटींचा रंग जुन्यापेक्षा एक छटा गडद आहे. नवऱ्याला दिसत नाही, मला दिसतो, असू दे.

बाकी: सिलिकॉनची पट्टी (बुरशी न धरणाऱ्या सिलिकॉनची ट्यूब आणायची, दुकानात सॅनिटरी सिलिकॉन म्हणून मागायचं), हळदीचा एक ठिपका, आणि आईंना वातींचं नवं पुडकं.